फरकाची चिठ्ठी

तिसऱ्यांदाही फॉर्म पुढे सरकला नाही. धाकट्याने आईच्या पासपोर्टचा नंबर पुन्हा टाकला, लशीच्या प्रमाणपत्रावरचा काळा-पांढरा चौकोन मोबाइलसमोर पुन्हा धरला, आणि लॅपटॉपवर तीच लाल ओळ आली. जन्मतारीख जुळत नाही.

जेवणाच्या टेबलावर आईची अर्धी भरलेली बॅग उघडी पडली होती. खालच्या वजन-काटे दुरुस्तीच्या दुकानातला काटा थोरल्याने जिना चढवून वर आणला होता आणि दर दोन वस्तूंनंतर तो बॅग उचलून त्यावर ठेवत होता. आत्ता आकडे अठरा-सहाशेवर थांबले होते. विमान उद्या दुपारी दोन-चाळीसला होतं. आज सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"अरे, कर ना पुढे," साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून गुंज म्हणाली. तिकडे दुपार होती. तिघा भावंडांत जन्माच्या वेळी सगळ्यात कमी वजन तिचं भरलं होतं, म्हणून आप्पांनी तिला सोनाराच्या सगळ्यात लहान वजनाचं नाव दिलं. आता तीच गुंज नववा महिना घेऊन खुर्चीत तिरकी बसली होती.

"एक मिनिट, ताई. साइट गंडलीय."

साइट गंडलेली नव्हती. धाकट्याने सात वर्षं लोकांची तिकिटं काढली होती आणि सीमा बंद झाल्यावर पावणेदोन वर्षं घरी बसून काढली होती. देश एकेक करून दारं उघडू लागले तेव्हा ऑफिसने परत बोलावलेल्या तिघांत तो होता, आणि परत गेल्यावर त्याने काढलेलं पहिलं तिकीट आईचं होतं. साइट कधी गंडते आणि कागद कधी गंडतात, एवढं त्याला नक्की कळत होतं.

"काय जुळत नाही?" थोरल्याने काट्यावरून नजर न काढता विचारलं.

"आईची जन्मतारीख. पासपोर्टवर पाच जून. लशीच्या प्रमाणपत्रावर बावीस जानेवारी, तीसुद्धा आदल्या वर्षाची."

"मग बरोबर आहे की. बावीस जानेवारीच खरी. पाच जून शाळेच्या मास्तरांची."

"खरी कोणी विचारलीय, दादा? जुळणारी हवीय."

"मग बदल."

"बदलता येत नाही. दुरुस्ती एकदाच मिळते. ती कोणीतरी आधीच वापरलीय." त्याने बोटाने प्रमाणपत्राखालची बारीक ओळ दाखवली. "नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा बावीस. माझ्याकडे गेल्या वर्षीची प्रत होती, ती पासपोर्टशी जुळत होती. व्हिसा तिच्यावरच मिळाला. पण हा फॉर्म कागद बघतच नाही, सरळ मूळ नोंद उघडतो."

टेबलाच्या टोकाला आई दुपट्यांच्या घड्या घालत होती. एक घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

"कोणी केली दुरुस्ती?" गुंजने विचारलं.

"या घरात आकडे दुरुस्त करायची हौस कोणाला आहे, सांग? विजेचं बिल कमी आलं म्हणून तक्रार करून आलेला माणूस आहे आपल्याकडे."

हे एरवी हसण्यावारी गेलं असतं. वरची खोली कोणाची, यावरून झालेल्या भांडणानंतर दोघा भावांचं बोलणं असंच, अर्धं थट्टेत आणि अर्धं ओरखडा काढणारं, चाललं होतं. थोरल्याने बॅग काट्यावरून खाली ठेवली आणि आकडे शून्यावर येईपर्यंत तो थांबला.

"मी केली," तो म्हणाला.

"दादा?" गुंजचा आवाज बारीक झाला. "मुद्दाम?"

"मुद्दाम काय? चूक होती, सुधारली."

"तू पहिल्यापासून म्हणतोयस, दोन महिने थांबा, दोन महिने थांबा."

"अजूनही म्हणतोय. सत्तरी ओलांडलेल्या बाईने बंद विमानात नऊ तास बसायचं..."

"माझं पोट थांबणार आहे का दोन महिने?" गुंज उठून बसली, त्यासाठी तिला दोन्ही हात टेकावे लागले. "मागच्या वेळी सतरा तास एकटी होते मी. नवऱ्याला आत सोडलं नाही. नर्सचे नुसते डोळे दिसायचे. हात धरावा म्हटलं तर त्यावरही रबरी मोजा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कळा काढल्यात, दादा. डॉक्टरांनी दिलेली तारीख अकरा दिवसांवर आहे."

"पुढचं विमान कधीचं?" थोरल्याने धाकट्याला विचारलं.

"एकोणीस दिवसांनी. तेही जागा राहिली तर."

फोनवर एकदम नुसता तळहात दिसला. गुंजच्या दीड वर्षाच्या मुलाने फोन ओढून घेतला होता आणि तो दोन बोटं फाकवून काचेवर घासत होता.

"काय करतोय गं?" आईने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तुला मोठी करतोय. फोटो मोठा करतात ना, तसं. तू होत नाहीस म्हणून चिडतो मग." गुंजने फोन सोडवून घेतला. "मला संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी ठेवलीय मी. तुमची तिकडे टेबलावर. दोन्हीकडे नुसत्या बॅगा भरून बसलोय आपण."

फोन बंद झाला. धाकट्याने लॅपटॉप मिटला, मग काय वाटलं म्हणून पुन्हा उघडला.

"सरळ सांगायचं होतंस," तो थोरल्याला म्हणाला, "की पाठवायचं नाही. मी तिकीट काढलंच नसतं."

थोरला काटा उचलून जिना उतरला.

*

वहिनीने, थोरल्याच्या बायकोने, धाकट्याच्या खांद्यावरून ती बारीक ओळ वाचली होती. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर तिला एक सवय लागली होती. नमुना कोणाचा हे बघायच्या आधी तो किती वाजता घेतला हे ती बघायची. आज सकाळीही सासूच्या नाकातला नमुना घेऊन तिने नळीवर वेळ लिहिली होती, आठ-दहा, कारण अहवाल अठ्ठेचाळीस तासच चालणार होता आणि ते तिथून मोजायचे होते. नऊ फेब्रुवारी, अकरा बावीस. नऊ फेब्रुवारीला काहीतरी झालं होतं.

दुकानात जाऊन तिने कामाची वही उघडली. थोरला काचेच्या पेटीतल्या तराजूपाशी बसला होता. हातात सुती मोजे, चिमट्यात एका औषधवाल्याचं पन्नास ग्रॅमचं वजन. उघड्या हाताने वजन उचलायचं नाही, बोटांचा घामही भरतो, हे या दुकानात शिकवायची पहिली गोष्ट. लग्न होऊन आली तेव्हा आप्पांनी तिलाही हेच आधी सांगितलं होतं, घरातल्या किल्ल्या कुठे असतात ते नंतर.

"नऊ फेब्रुवारी," ती म्हणाली. "दूध संघाचा टँकरकाटा. सकाळी सातला गेलात, पाचला आलात."

"आलो असेन."

"अकरा बावीसला तुम्ही साठ किलोमीटर लांब त्या काट्याखालच्या खड्ड्यात होतात."

"मोबाइलवरून केली."

"मोबाइल घरी राहिला होता. अंगठा चेपला म्हणून दूध संघाच्या ऑफिसातून फोन केलात मला. नखाखालचं रक्त मीच काढलं." तिने वही मिटली. "अहो, मी आकड्यांवरच पोट भरते. मला तरी फसवू नका."

थोरल्याने वजन हळूच खाचेत ठेवलं. मोजे काढले. अंगठ्याचं नख अजून अर्धंच उगवलं होतं.

"आईने केली," तो म्हणाला. "काल संध्याकाळी सांगितलं मला. म्हणाली, कोणाला बोलू नकोस, मी बघते काय ते."

"आणि मग तुम्ही अंगावर घेतलीत."

"गुंज तिच्यावर चिडली असती. माझ्यावर ती सवयीने चिडते."

वहिनी स्टूल ओढून बसली. तिला नवऱ्याचा राग आला होता, पण कशाचा ते नीट सापडत नव्हतं. खोटं बोलला म्हणून की इतकं सहज बोलला म्हणून?

"तुम्हाला नकोच आहे त्यांनी जायला."

"नकोच आहे." त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक किलोचं पितळी वजन काढलं आणि नुसतं समोर ठेवलं. आप्पांचं होतं ते, कोणाचाही काटा जागच्या जागी तपासायला. "त्या ऑगस्टमध्ये हॉस्पिटलच्या कोठाराचे काटे तपासायला मी गेलो. आठव्या दिवशी आप्पांना ताप. कोणी म्हणालं नाही काही. मी मोजले दिवस. आता ती कुठे हलायची म्हटली की मी पुन्हा दिवस मोजायला..." त्याने वाक्य सोडून दिलं. "लाल ओळ आली ना, तेव्हा मला बरं वाटलं. एक सेकंद. आणि मी केली म्हटल्यावर सगळ्यांना लगेच पटलं. कोणाला शंकासुद्धा आली नाही. ते लागलं जरा."

"मला आली ना."

"तुला अकरा बावीस दिसलं म्हणून."

यावर वहिनीला हसू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. आधी धाकट्याची, दोन-दोन पायऱ्या टाकत. मागून आईची, कठडा धरून.

"विमान कंपनीशी बोललो," धाकटा दारातूनच म्हणाला. "फॉर्म न भरता कागदावर नोंद करता येते. सगळे मूळ कागद घेऊन या, फरक का आहे ते लेखी द्या, काउंटरवरचा अधिकारी ठरवेल म्हणाले. म्हणजे त्याच्या मर्जीवर. पण दादा, आधी मला एक कळू दे, तू खरंच..."

"त्याने नाही केली," आई म्हणाली. "मी केली."

*

सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलेलं आईला आवडायचं नाही. चाळीस वर्षं या दुकानात ती मागच्या टेबलाशी बसून वजनं पुसत आली होती. माणसं समोर, आप्पांशी बोलायची. तिने सवयीने त्याच टेबलाशी जाऊन खुर्ची घेतली.

"यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वय अडुसष्ट लिहिलंय," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर होतं. कोणीतरी फोनवर ऐकून घाईत लिहिलं असणार. मी दोनदा जाऊन आले. तो कारकून म्हणाला, आजी, आता काय फरक पडतो?" ती थांबली. "फरक पडतो का म्हणे! दोन मिलिग्रॅमसाठी अख्खी दुपार घालवणारा माणूस आणि त्याच्या शेवटच्या कागदावर सहा वर्षं खाल्लेली."

"आम्हाला का नाही सांगितलंस?" थोरल्याने विचारलं.

"तू तेव्हा जेवत नव्हतास धड." तिने टेबलावरचा फडका उचलला. "मग जानेवारीत यांच्या खणात माझा जन्माचा दाखला सापडला. नगरपालिकेचा, शिक्क्यासकट. म्हटलं, माझा तरी एक कागद बरोबर असू दे. लस घेतली तिथल्या मुलीकडे गेले. तिने पाच मिनिटांत करून दिली. माझ्या डोक्यात विमान नव्हतं. तेव्हा कुठे काय उघडलं होतं?"

"पण मी तीन आठवड्यांपूर्वी बोललो होतो, आई," धाकटा म्हणाला. "सगळे कागद जुळले पाहिजेत. याच शब्दांत. तू मान हलवलीस."

"हलवली."

"मग तीन आठवडे गप्प का बसलीस?"

आई फडक्याने टेबलाची कड पुसू लागली. कड स्वच्छच होती.

आप्पा गेले त्या दुपारी थोरला ऑक्सिजनच्या रांगेत होता. धाकटा हॉस्पिटलांना फोन करत रस्त्यावर. घरात आप्पा, ती आणि सून. आप्पांच्या श्वासाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. आणि फोन वाजत होता. गुंज, गुंज, गुंज. तिकडे सातवा महिना लागलेली. नेहमी व्हिडिओवर बोलायची, उचलला असता तर म्हणाली असती, आप्पांना दाखव.

"तिला मी सांगितलंय की रेंज नव्हती," आई म्हणाली. "फोनवर सांगितलं. फोनवर जमतं, तोंड बाजूला करता येतं. दूध उतू जातंय म्हणता येतं. तिच्या घरात तीन महिने राहून कसं जमेल? पहिल्याच दिवशी विचारेल ती." फडका थांबला. "लाल ओळीची मी वाटच बघत होते. आणि ती आल्यावर तिचा चेहरा बघितला, सतरा तास म्हणाली तेव्हाचा. मग बसवेना वर."

"फोन बंद करा, असं मी म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. इतक्या दिवसांत हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं, हे थोरल्याच्या मानेच्या हालचालीवरून आईला कळलं.

"म्हटलं तू. बटण मी दाबलं."

"दोघींनी मिळून केलं. एकट्यावर घ्यायची खोड आहे या घराला," वहिनी म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं.

थोरला उठला. खण उघडून त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. आप्पांची ही पद्धत होती. कुठलंही वजन त्यावर कोरलेल्या आकड्याइतकं नेमकं कधीच नसतं, म्हणून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वजनाबरोबर ते एक चिठ्ठी देत. लिहिलेलं वजन, खरं वजन, फरक, खाली सही. फरक असू दे, सांगून असू दे, असं गिऱ्हाइकाला म्हणत. त्या खिशातल्या किलोच्या वजनाबरोबरही त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, दोन मिलिग्रॅम कमी.

"सांग," थोरला धाकट्याला म्हणाला. "पासपोर्टवरची तारीख."

"तू विमान कंपनीला फरकाची चिठ्ठी देणार?"

"नोटरीचा शिक्का मारला की तिला प्रतिज्ञापत्र म्हणतात. बारापर्यंत बसतो तो. गाडी काढ."

"अरे, पण तुला तर ती जायला नकोय!"

"नकोय. अजूनही नकोय." लिहिताना तो आईकडे बघत नव्हता. "पण अशी अडकून नको. नोंदलेली तारीख पाच जून. खरी तारीख बावीस जानेवारी. फरक?"

"एक वर्ष," धाकटा बोटांवर मोजत म्हणाला, "चार महिने... तेरा दिवस."

"चौदा," आई म्हणाली. "नीट मोज."

*

विमानतळावर वयस्कर प्रवाशाबरोबर आत एकालाच सोडत होते. वहिनीने तपासणीचा अहवाल आईच्या पर्समध्ये सरकवला. पहिल्याच ओळीत निगेटिव्ह लिहिलं होतं. आत धाकट्याने जायचं ठरलं होतं, काउंटरची भाषा त्याची. दारापाशी त्याने पास थोरल्याच्या हातात दिला.

"दादा, तू जा. मी तिथल्या माणसांना गोडगोड बोलून काम काढतो. इथे ते चालायचं नाही. तुझा ताठपणा लागेल."

रांगेतली माणसं पिवळ्या पट्ट्यांवर उभी राहायला विसरली होती. दोन वर्षं कपाटात पडलेल्या बॅगांच्या चाकांचा आवाज निराळाच येत होता, कोरडा. कोणी पासपोर्ट उघडून आपलाच फोटो बघत होतं. आईसुद्धा एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होती आणि पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

काउंटरवरच्या मुलीने बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. आकडा आला, तेवीस पूर्णांक एक.

"शंभर ग्रॅम जास्त आहे, आजी."

"बावीस-सहाशे आहे," थोरला म्हणाला.

"इथे तेवीस-शंभर दाखवतंय ना."

"दाखवतोय. अर्धा किलो जास्त दाखवतोय तुमचा काटा."

"अहो सर, सगळे हेच म्हणतात."

"आता गप्प बस," आई पुटपुटली. पण त्याने बॅग उचलून खाली ठेवली, खिशातून रुमाल काढला आणि वजन पट्ट्याच्या बरोबर मध्ये ठेवलं. आकडा हलला, थांबला. दीड.

मुलीने आकड्याकडे बघितलं, पितळी वजनाकडे बघितलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो, मग आमच्याही बॅगा पुन्हा तोला!" दोघंतिघं हसली. मुलगीही हसली, मुखपट्टीवरचे डोळे बारीक झाले. "सर, हे वजन खरंय कशावरून?"

थोरल्याने चिठ्ठी काढून दाखवली. आप्पांची, पिवळी पडलेली.

मग तिने आईचे कागद घेतले. पासपोर्ट, प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आणि वर शिक्क्याची चिठ्ठी, खाली थोरल्याची सही. तिने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी धरल्या. मांडणी तीच होती. "थांबा. साहेबांना दाखवून येते," म्हणाली आणि सगळं घेऊन काचेच्या दारामागे गेली.

दहा मिनिटं झाली. आईने घड्याळ बघितलं, मग मुलाचं घड्याळ बघितलं. परत पाठवलं तर? संध्याकाळी ती बॅग रिकामी करेल, दुपटी कपाटात ठेवेल, आणि गुंज पुन्हा भिंतीवरचं घड्याळ धरून बसेल. आणि त्या दुपारचं विचारणारं कोणी नसेल. कालपर्यंत यात कुठेतरी सुटका होती. आता ती शोधून सापडेना.

"फोन लावून दे," ती म्हणाली.

गुंजने पहिल्याच घंटीला उचलला. "आई? काय म्हणाले?"

"अजून आतच आहेत. ऐक. ती दुरुस्ती मी केली होती, दादाने नाही. त्याला बोलली असशील तर शब्द मागे घे."

"तू? आणि तो सरळ..."

"आणि दुसरं. आप्पा गेले त्या दुपारी रेंज होती." समोरच्या काउंटरवर एक माणूस बॅगेतून बूट काढत होता. तिने त्या बुटांकडे बघत पुढचं सांगितलं. "फोन मी बंद केला. तुला बघवलं नसतं म्हणून केला. खरं तर, तू बघते आहेस हे मला बघवलं नसतं."

पलीकडे मूल काहीतरी आपटत होतं. ते आवाज दोन-तीनदा आले.

"मला माहीत आहे," गुंज म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला? रेंज नसली की फोनमधली ती बाई वेगळं बोलते, आई. अकरा वेळा घंटी गेली. बाराव्यांदा ती म्हणाली, फोन बंद आहे. बंद कोणीतरी करतं."

"मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"फोनवर विचारलं असतं तर तुझं दूध उतू गेलं असतं." गुंज हसली का रडली ते कळलं नाही. "तू आलीस की समोर बसवून विचारणार होते. शेवटी कसे होते, काय म्हणाले, सगळं. सांगशील?"

"सांगेन."

"कमी करून नाही सांगायचं."

"नाही करणार."

काचेचं दार उघडलं. मुलीच्या हातात कागद होते आणि त्यातून बाहेर डोकावणारी एक लांबट पट्टी. "साहेब म्हणाले, नोंद करून सोडा. चिठ्ठीची एक प्रत आम्ही ठेवून घेतलीय." तिने बॅगेला पट्टा लावला. त्यावर वजन हाताने लिहिलं, बावीस-सहाशे. "आणि आमचा काटा बघायला माणूस पाठवा म्हणालेत."

थोरला आईला सुरक्षा तपासणीच्या दोरीपर्यंत पोहोचवायला आला. पुढे त्याला जायचं नव्हतं. खिशातली रुमालाची पुरचुंडी त्याने आईच्या पर्समध्ये ठेवली. पर्सचा पट्टा खांद्यावर रुतला.

"हे कशाला मला?"

"बाळाला तोलतील तेव्हा आधी हे ठेवून बघ. त्यांचा काटा कसा आहे कोणाला माहीत." त्याने पर्सची चेन लावली. "आणि हात लावू नकोस त्याला."

"चाळीस वर्षं पुसलंय मी ते," आई म्हणाली.

तिने मागे वळून बघितलं तेव्हा तो दोरीपाशीच होता, चेपलेला अंगठा मुठीत धरून.

पट्ट्यावरून पर्स आत गेली, थांबली, मागे आली. पडद्यासमोरच्या शिपायाने ती बाजूला घेतली. "आजी, यात हे जड काय आहे?"

आईने पुरचुंडी बाहेर काढली आणि रुमालाची चारही टोकं सोडली.

"वजन आहे. एक किलोचं."

त्याने मान हलवून पर्स पुढे सरकवली. ती पर्स घ्यायला पुढे झाली, मग थांबली.

"दोन मिलिग्रॅम कमी आहे," ती म्हणाली.